बातलहून खाली

नसीम मॅडमनी गाडी कधी भिंतीकडं तोंड करून लावली नाही. कॉलेजच्या आवारात सकाळी आम्ही सगळे मिळेल त्या जागी गाड्या घुसवून तासाला पळायचो. ह्या मात्र बेल झाली तरी दोनदा पुढंमागं करून गाडीचं तोंड फाटकाकडं येईल अशीच लावायच्या. मग उतरून चारी चाकांकडं एक नजर टाकायच्या, ओढणी सारखी करायच्या आणि जिना चढायच्या. एकदा शिपायानं विचारलं, "मॅडम, रोज ही कसरत कशाला?"

"येताना डोकं शांत असतं बाबा," त्या म्हणाल्या. "जाताना कसं असंल, कुणी सांगावं?"

आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारीशेजारी होती, त्यामुळं वीसेक वर्षं त्यांचा आवाज माझ्या डाव्या कानात राहिला. आवाज मोठा, माणूस बुटकं. माहेर गारगोटीचं. वडिलांचा टेम्पो होता आणि घरात मुलगा नव्हता, म्हणून की काय, त्यांनी लेकीलाच स्टिअरिंगवर बसवलं. सासर कोल्हापुरात. नवऱ्याचं, इक्बालभाईंचं, चष्म्याचं दुकान. इक्बालभाईंना घाटात उलट्या व्हायच्या, त्यामुळं ते बायकोला फाटकापर्यंत सोडायला यायचे आणि हात हलवून परत दुकानात जायचे. आमच्याकडच्या कितीतरी बायकांसारखं मॅडमही "मी येतो, मी जातो" असंच बोलायच्या. बदलून आलेल्या एका पुण्याच्या सरांनी ते सुधारायचा प्रयत्न केला होता. मॅडमनी त्यांना एवढंच विचारलं, "तुम्हाला कळलं न्हवं, कोण येणार ते?"

मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर त्या मला घेऊन गेल्या. मी उत्साहानं किल्ली फिरवायला गेले तर त्यांनी हात धरला.

"आज चालू करायची न्हाय. नुसतं बस. तिन्ही आरशांत काय दिसतंय ते सांग."

मी सांगितलं. झाड, कुत्रं, एक माणूस सायकल पुसतोय.

"आता परत सांग."

मी परत बघितलं. माणूस सायकल घेऊन निघाला होता, कुत्रं गाडीच्या मागं येऊन बसलं होतं.

"बघितलास? तू बसून होतीस, तरी सगळं बदललं. चल आता घरी."

पहिला धडा तेवढाच. मला राग आला होता. पण आजही गाडीत बसले की माझी नजर आधी आरशाकडं जाते.

त्यांच्या ह्या थांबण्याची सगळ्यात जास्त टिंगल करायचे रणजित पाटील सर. आमचे खेळाचे शिक्षक. पेठ वडगावचे, तरुणपणी तालमीत वाढलेले, अंगानं दांडगे आणि मनानं मोकळे. एका पावसाळ्यात एका सहकाऱ्याचे वडील गेले म्हणून आम्ही काहीजण मॅडमच्या गाडीतून गारगोटीच्या पुढं एका गावी भेटायला गेलो होतो. येताना एका छोट्या पुलावर पाणी आलेलं. फार नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत एक ट्रॅक्टर गेला, मागून एक मोटरसायकलवालाही गेला. मॅडमनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मॅडम, ढोपरभर बी न्हाय पाणी," पाटील सर म्हणाले. "म्हशी जातील की ह्यातनं."

"मग म्हशीवर बसून जावा. पाण्याखाली रस्ता हाय का वाहून गेलाय, मला दिसत न्हाय. दिसत न्हाय त्याच्यावर मी चाक घालत न्हाय."

डिकीतून भडंगाचा डबा काढून त्या शांतपणे खात बसल्या. पाटील सर रस्त्याकडेच्या एका शाळेच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिले. अंधार पडायच्या सुमाराला पाणी उतरलं. पूल धडधाकट होता, एक दगड हललेला नव्हता.

"बघा," सर म्हणाले, "कायसुद्धा झालं न्हवतं."

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "बरं झालं."

तेव्हापासून सरांनी त्यांचं नाव 'थांबा मॅडम' ठेवलं. त्या कधी चिडल्या नाहीत. सरांनाही लांबच्या गावाला जायचं असलं की गाडी मात्र मॅडमचीच लागायची.

उत्तरेकडच्या त्या रस्त्याचं कधीपासून त्यांच्या डोक्यात होतं, ठाऊक नाही. एक दिवस डबा खाताखाता म्हणाल्या, "आपल्याकडचे घाट झाले सगळे. आता एकदा तिकडचा रस्ता बघायचा हाय." तिकडचा म्हणजे मनालीच्या पलीकडून स्पितीच्या खोऱ्यात जाणारा. कुंझुमची खिंड ओलांडून काझाला पोचायचं. वर्षातले निम्म्याहून जास्त महिने तो बर्फाखाली असतो, आणि उघडतो तेव्हाही निम्म्या रस्त्याला रस्ता का म्हणायचं हा प्रश्नच असतो. दगडगोटे, डोंगराच्या कुशीतून कोरलेली एक पट्टी, खाली चंद्रा नदी, आणि मध्येमध्ये वरच्या बर्फातून सुटलेले ओढे थेट रस्त्यावरून वाहतात. पूल नाहीत. पाण्यातूनच जायचं.

"पाण्यातनं?" मी विचारलं. "तुम्ही?"

"सकाळी कमी असतं म्हणे. ऊन चढलं की बर्फ वितळतं, मग वाढतं. सकाळी जायचं."

जूनच्या सुरुवातीला, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, आम्ही चौघं निघालो. मॅडम, मी, पाटील सर आणि त्यांच्या बायको सुनीतावहिनी. मजल दरमजल करत मनाली गाठलं. सपाटीवर मॅडमनी सरांना अधूनमधून गाडी दिली. डोंगर सुरू झाल्यावर किल्ली परत घेतली. त्यांचे नियम होते. वाईट रस्त्यावर गाणी बंद. घाटात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. गाडी थांबली की सगळ्यांनी उतरायचं, पाय मोकळे करायचे. त्या स्वतः गाडीभोवती एक फेरी मारायच्या, बॉनेटवर हात ठेवायच्या, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो.

मनाली सोडलं तेव्हा उजाडत होतं. वाटेतल्या लांब बोगद्यापलीकडं डांबर संपलं आणि गाडी अशी हादरायला लागली की दातावर दात आपटायचे. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला हवा. समोरून ट्रक आला की मॅडम गाडी डोंगराला घासून उभी करायच्या आणि ट्रक जाईपर्यंत त्याच्या मागच्या चाकाकडं बघत राहायच्या. पहिला मोठा ओढा आला तेव्हा सकाळच होती. पाणी स्वच्छ, तळातले गोटे दिसत होते. मॅडम तरीही उतरल्या, काठावर उभ्या राहून बघितलं, आणि मग हळू गाडी काढली. पलीकडं गेल्यावर एक श्वास सोडला. सर मागून म्हणाले, "थांबा मॅडम, ह्याला पाणी म्हणत न्हाईत आमच्याकडं." सगळे हसलो. त्याही हसल्या.

दुपारी बातलला पोचलो. बातल हे गाव नव्हे. नदीवर एक लोखंडी पूल, पत्र्याचे दोनतीन ढाबे, चहूकडं राखाडी डोंगर. तिथं कळलं की वर खिंडीत बर्फाचा कडा रस्त्यावर घसरलाय, मशीन लावलंय, उद्या उघडेल.

मॅडम म्हणाल्या, "खाली जाऊन राहू. इथं झोपायला नको, फार उंच हाय."

खाली म्हणजे तोच सगळा रस्ता परत. आमची अंगं ठणकत होती. सर म्हणाले, एका रात्रीनं काय होतंय. वहिनी आणि मी काही बोललो नाही, पण आमची तोंडं बोलत असणार. तिघं एका बाजूला, त्या एकट्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं, आणि मी त्यांना पहिल्यांदाच दुसऱ्याचं ऐकताना बघितलं. गाडी लावताना मात्र दोनदा पुढंमागं करून तिचं तोंड खालच्या बाजूला केलं.

सकाळी उठलो तेव्हा सगळ्यांचीच डोकी दुखत होती. ढाबा चालवणाऱ्या बाईनं लसणाचं सूप दिलं. इथली हवा विरळ असते, नव्या माणसाला ती सोसायला वेळ लागतो, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. सरांनी सूप घेतलं नाही. चहाही तसाच ठेवला.

"सर, डोकं किती दुखतंय?" मॅडमनी विचारलं.

"कुठं दुखतंय? ठीक हाय मी."

"खोटं बोलू नका."

"अहो, तालमीतला माणूस मी. हवेनं काय होतंय मला?"

मशीनचा आवाज वरून येत होता. आता उघडेल, मग उघडेल असं म्हणत ऊन चढलं. मॅडम समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, खिंडीकडं पाठ करून. त्या सरांकडं बघत होत्या. मला वाटलं रागावल्यात.

जेवणाच्या वेळेला सर उठून ढाब्यामागं गेले आणि परत येताना दुसऱ्याच लोकांच्या बाकावर जाऊन बसले. वहिनींनी हाक मारली तर त्यांनी वळून म्हटलं, "आलो आक्का." आक्का त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव. वहिनींचा चेहरा उतरला.

मॅडम उठल्या. ढाब्यासमोर एक लांब फळी आडवी पडली होती. "सर, एवढ्या फळीवरनं सरळ चालून दाखवा."

सर हसले. पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि फळी सोडून बाजूला गेले. परत चढले, परत गेले. आख्खं आयुष्य ज्या माणसानं पोरांना तोल सांभाळायला शिकवलं, तो दारू प्यायल्यासारखा झुलत होता, आणि आपल्याला काय होतंय हे त्याला कळत नव्हतं. मग त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबली तेव्हा त्यांच्या छातीतून घरघर ऐकू येत होती आणि ओठ निळसर दिसत होते.

ढाब्याची बाई बाहेर आली. तिनं एकदाच बघितलं. "नीचे ले जाओ. अभी. जितना नीचे जाएगा, उतना बचेगा."

मॅडमच्या हातात किल्ली आधीच होती.

"मॅडम," वहिनी म्हणाल्या, "पण ओढा… आता दुपारचं पाणी…"

"व्हय. आता जास्त असणार. बसा."

सरांना मागच्या सीटवर मध्ये बसवलं, एका बाजूला वहिनी, एका बाजूला मी. गाडी वळवावी लागली नाही. ती तशीच निघाली.

त्या रस्त्याची मला आता फक्त तुकड्यातुकड्यांनी आठवण येते. दगडावरून चाक घसरल्याचा आवाज. सरांचं डोकं माझ्या खांद्यावर, जड. वहिनी "अहो, डोळे उघडा" म्हणायच्या, ते उघडायचे, परत मिटायचे. आरशात मॅडमचे डोळे दिसायचे, पण ते आमच्याकडं बघत नव्हते.

"वहिनी, बोलत राहा त्यांच्याशी," त्या पुढूनच म्हणाल्या. "काय बी बोला. थांबू नका."

घाटात कुणी बोलायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच मोडला. वहिनींनी घरच्या म्हशीपासून सुरुवात केली. म्हैस गाभण आहे, बोअरची मोटर जळली ती दुरुस्त करायची राहिलीय, शेजारच्या काकींनी कुंपण आपल्या बाजूला सरकवलंय. असं करत करत त्यांनी वडगावातली आपली सगळी गल्ली त्या डोंगरात उभी केली. सांगताना आवाज रडका झाला, तरी त्या बोलत राहिल्या. कुंपणाचं ऐकून सरांनी डोळे उघडले आणि "मोजणी आणायची," असं पुटपुटले. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास. अजून सांगा वहिनी."

ओढ्याचा आवाज दिसायच्या आधी आला. वळण घेतलं आणि पुढं गाड्यांची रांग. काल सकाळचं ते स्वच्छ पाणी आता गढूळ, मातकट झालेलं, दुपटीनं रुंद. तळ दिसत नव्हता. पाण्याखालून गोटे गडगडत जाताना ऐकू येत होते. रस्त्याच्या डाव्या कडेला ते पाणी सरळ खाली दरीत पडत होतं. पलीकडच्या काठावर एक मोटरसायकल आडवी पडलेली आणि तिचा मालक भिजून कुडकुडत बसलेला.

मॅडम उतरल्या. मीही उतरले. एक ट्रकवाला चहा पीत उभा होता, दाढी पांढरी, डोक्याला मफलर. त्यानं मान हलवली. "सुबह तक रुको मॅडमजी. रात को पानी उतर जाएगा. अभी और चढ़ेगा."

"मरीज है," मॅडम म्हणाल्या.

ट्रकवाल्यानं गाडीत डोकावून बघितलं. मग चहाचा पेला खाली ठेवला. "ट्रक नहीं निकाल सकता मैं, लोड है, फँस गया तो सबका रास्ता बंद. आपकी गाड़ी हल्की है. बह भी सकती है."

मॅडम पाण्याकडं बघत उभ्या राहिल्या. वेळ फार गेला नसेल, पण मला तो संपेना. मागून सरांचा खोकला ऐकू येत होता. माझ्या मनात आलं, आता ह्या इंजिन बंद करतील. खरं सांगायचं तर त्या तसं करत्या तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

"दोरी है?" त्यांनी विचारलं.

ट्रकवाल्यानं दोरी आणली. मॅडमनी ओढणी काढून माझ्या हातात दिली, दोरी कमरेला बांधून घेतली, एक काठी घेतली आणि त्या बर्फाच्या पाण्यात उतरल्या. पहिल्या पावलाला त्यांनी तोंडानं जो आवाज काढला तो मी कधी ऐकला नव्हता. पाणी गुडघ्याच्या वर होतं. काठीनं तळ चाचपत त्या एकेक पाऊल टाकत होत्या. सगळ्या गाड्या ज्या वाटेनं जातात तिथं मध्यावर काठी आत गेली, खोल. त्या मागं आल्या. वरच्या अंगाला, जिथं पाणी पसरट होऊन जास्त भयंकर दिसत होतं, तिथून परत गेल्या. तिथं पाणी कमी होतं. दोनदा त्यांचा पाय निसटला, दोरी ताणली. पार पलीकडं जाऊन त्या वळल्या आणि त्याच वाटेनं परत आल्या. पाय लाल झाले होते, दात वाजत होते.

"वरनं जायचं," ट्रकवाल्याला हातानं दाखवून त्या म्हणाल्या. त्यानं दोन माणसांना हाक मारली, त्यांनी काठावरचे दोन मोठे धोंडे बाजूला केले.

गाडीत बसल्यावर त्यांनी सगळ्या काचा खाली करायला लावल्या. "ऐका. मी सांगितल्याशिवाय कुणी हलायचं न्हाय. पाणी आत आलं तरी दार उघडायचं न्हाय. आणि मला काय विचारायचं न्हाय."

पहिल्या गिअरमध्ये गाडी पाण्यात शिरली. धक्का बसला तो बाजूनं, कुणीतरी ढकलल्यासारखा. पाणी दाराला थडकत होतं. बॉनेटच्या पुढं लाट उठली. मॅडम पुढं झुकून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. निम्म्यावर पुढचं डावं चाक खाली गेलं. गाडी दरीच्या बाजूला कलली, सरांचं सगळं वजन वहिनींवर आलं, आणि माझ्या पायाला थंड पाणी लागलं. इंजिनचा आवाज खोल गेला, घोगरा झाला. वहिनींनी दाराची कडी धरली.

"हात काढा वहिनी," मॅडम म्हणाल्या. वळून न बघता, आवाज न चढवता.

त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली, मागचं चाक फिरत राहिलं, काहीतरी खाली सरकलं, आणि मग चाकाला कुठंतरी दगड सापडला. गाडी एका उडीत वर आली. काठ लागला.

पलीकडच्या काठावरचे लोक टाळ्या वाजवत पुढं आले. मॅडमनी खिडकीतून हात बाहेर काढला. "टाळी मत बजाओ, रास्ता दो." आणि आम्ही थांबलो नाही.

पुढं अजून दोन ओढे होते, पण लहान. छतडू नावाच्या खालच्या वस्तीला पोचलो तोवर आम्ही बरेच खाली आलो होतो. सरांनी पाणी मागितलं. त्यांनी स्वतः मागितलेली ती त्या दिवसातली पहिली गोष्ट. तिथल्या ढाब्यावर मी मॅडमना चहा आणून दिला. त्या गाडीच्या मागं, आम्हाला दिसणार नाही अशा बाजूला, एका दगडावर बसल्या होत्या. त्यांनी पेला धरायला हात पुढं केला आणि हात एवढा थरथरत होता की चहा बाहेर सांडला. मी पेला त्यांच्या तोंडाला लावला. त्या दोन घोट प्यायल्या.

"मला पाण्याची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "लहानपणापासनं."

"का?"

"का म्हणजे काय. वाटते."

मी विचारलं, "मघाशी पाण्यात तुम्ही काय म्हणत होता? दुवा?"

"शिव्या देत होतो. क्लचला." मग म्हणाल्या, "हात थरथरला हे त्या दोघांना सांगू नको. अजून खालपर्यंत जायचं हाय."

खालच्या गावातल्या दवाखान्यात सरांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होता. त्यानं सांगितलं, छातीत पाणी झालं होतं, डोक्यालाही सूज येत होती, सकाळपर्यंत वर थांबले असते तर सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सरांचे ओठ नीट दिसायला लागले. मॅडम त्यांच्या कॉटपाशी गेल्या. मला वाटलं, विचारपूस करतील.

"वर्गात पोरं पोट दुखतंय म्हणून खोटं बोलत्यात," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुखत न्हाय म्हणून खोटं बोललासा. आता तुम्हीच सांगा, शिक्षा कुणाला जास्त द्यायची?"

सरांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी दोन्ही हात जोडले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मॅडम पटकन खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभ्या राहिल्या.

स्पिती राहिलंच. डॉक्टरनं सरांना परत वर जायला मनाई केली. मी मॅडमना म्हटलं, आपण दोघी जाऊन येऊ, हे दोघं मनालीत थांबतील. त्या नको म्हणाल्या. "चौघं आलोय, चौघं परत जायचं." येताना प्रत्येक ठिकाणी त्यांनी सरांसाठी खिचडी करायला लावली आणि ती खाल्ली की नाही ते समोर बसून बघितलं.

कोल्हापुरात आल्यावर सरांनी तो ओढा महिनाभर सगळ्यांना सांगितला. प्रत्येक वेळी पाणी थोडं वाढायचं. स्टाफनं मॅडमचा सत्कार करायचं ठरवलं. त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर शाल आणि नारळ ठेवलेला बघून म्हणाल्या, "अर्ध्यातनं परत आलो. कशाचा सत्कार?" नारळ शिपायाला दिला. शाल मात्र घरी नेली, सासूबाईंना थंडी वाजते म्हणून. पाटील सरांनी 'थांबा मॅडम' म्हणायचं सोडलं, आणि ते सोडल्याचं मॅडमना आवडलं नाही. एकदा त्यांनीच विचारलं, "का ओ सर, आता काय म्हणायचं न्हाय का?"

"न्हाय," सर म्हणाले. "जीभ वळत न्हाय."

निवृत्त व्हायच्या वर्षी त्यांच्या डोळ्याला काहीतरी झालं. कडेचं दिसणं कमी होत चाललं होतं. चष्म्याच्या दुकानदाराची बायको असून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मग एक दिवस दसरा चौकाकडून येताना डाव्या बाजूनं आलेला सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. त्याला खरचटलंही नाही. तो शिव्या देऊन निघून गेला. मॅडमनी गाडी बाजूला घेतली, मुलीला फोन करून बोलावून घेतलं, किल्ली तिच्या हातात दिली आणि परत मागितली नाही. इक्बालभाई मला सांगत होते, त्या रात्री जेवल्या नाहीत, पण सकाळी उठून नेहमीसारखं भडंग केलं. मी भेटायला गेले तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीच सांगितलं. "दिसत न्हवतं. सोडलं." त्यापुढं त्यांनी माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी सुरू केली.

मागच्या वर्षी त्या मुलीकडं चंदगडला राहायला गेल्या. मुलगी तिथं सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. इक्बालभाई दुकान आवरून मागून जाणार होते. मुलगी गाडी घेऊन येते म्हणत होती, पण तिची ड्युटी होती आणि मॅडमना थांबायचं नव्हतं. त्या एसटीनंच निघाल्या. मी स्टँडवर सोडायला गेले.

त्यांनी ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरली. मी खाली उभी राहून काहीबाही बोलत होते, औषधं वेळेवर घ्या, पोचल्यावर फोन करा. त्या व्हय, व्हय म्हणत होत्या, पण त्यांचं लक्ष पुढं होतं. ड्रायव्हर चढला, त्यानं गाडी चालू केली. मॅडम जागेवरून उठल्या आणि जाळीतून त्याला म्हणाल्या, "भाऊ, पुढची काच पुसा आधी. चिखल बसलाय."

"दिसतंय की मावशी."

"तुम्हाला दिसत असंल. पुसा."

ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. काय बघितलं त्यानं, कुणास ठाऊक. तो खाली उतरला, कंडक्टरकडून पाण्याची बाटली घेतली, फडकं मारून काच पुसली, कोपऱ्यापर्यंत. मग चढून बसला आणि गिअर टाकला.

गाडी फलाटावरून मागं आली आणि वळली. मी हात वर केला. मॅडम खिडकीशीच होत्या, पण माझ्याकडं बघत नव्हत्या. ताठ बसून, मान जराशी पुढं काढून, ड्रायव्हरच्या खांद्यावरून त्या समोरचा रस्ता बघत होत्या.